शिल्पकार राम सुतार : खानदेशच्या मातीतला हात

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त फैजपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला 'मूर्ती आणि मूर्तिकार' या विषयावर बोलावयास सांगितले आहे. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकविली. कीर्तनकार मी नाही, शास्त्रीबुवाही नाही. मूर्तीची पूजा कशी करावी हे सांगण्याचा अधिकार माझ्यापेक्षा येथे बसलेल्या पुष्कळांना अधिक आहे. मला बोलता येईल ते मूर्ती घडविणाऱ्या हाताबद्दल. तो हातही दूरचा नको म्हणून मी आपल्या खानदेशातलाच एक माणूस निवडला आहे. राम वनजी सुतार. १७ डिसेंबर २०२५ रोजी नोएडा येथे, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, ते गेले. वर्तमानपत्रांत बातमी आली ती 'जगातील सर्वांत उंच पुतळ्याचे शिल्पकार' अशी. ती खरीच आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर या माणसाच्या कामातील आपल्या उपयोगाचा भाग हातचा निसटेल, असे मला वाटते.

धुळ्याजवळचे गोंदूर हे त्यांचे गाव. १९ फेब्रुवारी १९२५ चा जन्म. घर सुताराचे, विश्वकर्म्याची पूजा करणारे. त्या काळचे सुताराचे घर म्हणजे काय हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. गाडीचे चाक तेथे व्हायचे, तिफण-वखर तेथे, घराची तुळई तेथे, आणि देवळाचा दरवाजाही तेथेच. चाकाचा तुंबा घ्यावा, त्याला आरे बसवावे, वर धाव चढवावी. एक आरा बोटभर चुकला तर चाक डुगडुगते आणि ते साऱ्या गावाला ऐकू येते. चित्रकलेच्या पदवीत जे शिकवितात त्यातले निम्मे अशा घरात न शिकविता येते : प्रमाण, तोल, लाकडाचा धागा कोणीकडे धावतो हे ओळखणारी नजर. वाकस आणि पटाशी हातात धरण्याआधी मूल ती कानाने ओळखते.

आता राम सुतार अकरा वर्षांचे होते तेव्हाची आपल्या फैजपूरची गोष्ट सांगतो. १९३६ च्या डिसेंबरात येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पेलले. पंडित नेहरू अध्यक्ष होते. या सर्व गोष्टी आपल्याला पाठ आहेत. त्या अधिवेशनाची सजावट कोणी केली हे मात्र पुष्कळांच्या स्मरणातून गेले आहे. गांधीजींनी ते काम शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्यावर सोपविले होते. सोबत स्थापत्यकार म्हात्रे होते. अट एकच, की गावात मिळेल त्याच सामानातून आणि गावच्याच कारागिरांच्या हातून सर्व व्हावे. मग बांबू आले, चटया आल्या, गवत, दोरखंड, बैलगाड्या आल्या. नंदलालबाबूंनी सजविलेल्या, बैलजोड्यांनी ओढलेल्या रथातून अध्यक्षांची मिरवणूक निघाली. २५ डिसेंबरला गांधीजींनी खादी व ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन केले, आणि या दोघा कलावंतांच्या कामाचा मुद्दाम गौरवाने उल्लेख केला. म्हणजे देशातील एक थोर चित्रकार आपल्या गावच्या सुतार-बुरुडांबरोबर मांडीला मांडी लावून बसला होता. हा मान फैजपूरचा आहे, आणि गोंदूरच्या मुलाची गोष्ट ऐकताना तो लक्षात असू द्यावा.

राम सुतारांना गुरू भेटले श्रीराम कृष्ण जोशी. मुलाच्या हातात काही आहे हे त्यांनी ओळखले आणि त्याला मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची वाट दाखविली. शिक्षक म्हणून मला येथे थोडे थांबावेसे वाटते. हुशार मुलाला गणितात पुढे घालणारे गुरुजी गावोगाव असतात. मातीत रमणाऱ्या मुलाला 'हे काम मोठे आहे, यासाठी मुंबईस जा' असे सांगणारा एखादाच. तो न भेटता तर राम सुतार कदाचित उत्तम चाके करीत गोंदुरातच राहिले असते. त्यातही काही कमीपणा नव्हता, परंतु हे व्याख्यान झाले नसते.

मुंबईच्या कलाशाळेत त्यांनी शिल्पकला शिकली ती विलायती पद्धतीची. समोर माणूस बसवावयाचा आणि त्याची हाडे, स्नायू, कातडीच्या वळ्या डोळ्यांनी वाचून मातीत उतरवावयाच्या. शाळेत ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती होत्या. त्यांच्या सावल्या अभ्यासूनच विद्यार्थ्यांचा हात बसे. या वाटेवर महाराष्ट्रात आधीच मोठी माणसे होऊन गेली होती. गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी', म्हणजे पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली नऊवारीतील स्त्री, १८९६ च्या सुमाराची. नुसत्या प्लास्टरची, पण लुगड्याची निरी पाहावी तर हाताने सारखी करावीशी वाटते. पुढे करमरकर, तालीम, फडके. पुण्यातील १९२८ चा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा करमरकरांचा. या परंपरेत राम सुतार तयार झाले आणि १९५३ साली मातीकामासाठीचे मेयो सुवर्णपदक त्यांनी मिळविले.

सुवर्णपदक मिळालेला तरुण मुंबईत दुकान मांडून श्रीमंतांचे अर्धपुतळे करीत बसला असता तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी १९५४ साली पुरातत्त्व खात्यात औरंगाबादला नोकरी धरली आणि १९५८ पर्यंत अजिंठा-वेरुळच्या भग्न शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. त्यांच्या चरित्रातील हा भाग लोक दोन ओळींत उरकतात. मला विचाराल तर तो सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि आज आपण जीर्णोद्धारासाठी जमलो आहोत म्हणून तर अधिकच.

आपणांपैकी बहुतेकांनी अजिंठा पाहिला आहे. जळगावहून सकाळी निघून दिवे लागणीला घरी येता येते. सव्विसाव्या लेण्यात डाव्या भिंतीशी निजलेले भगवान बुद्ध आहेत, सुमारे सात मीटर लांबीचे. मुद्रेवर कोठेही ताण नाही. आणि वेरुळचे कैलास लेणे, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले, आठव्या शतकातले. डोंगराच्या माथ्यावरून खाली खाली कोरीत आणलेले. म्हणजे आधी कळस आणि शेवटी पाया. तेथे चुकीला दुरुस्ती नाही. मातीत नाक बसके झाले तर चिमूटभर माती लावता येते. दगडातले नाक उडाले की उडाले.

हा फरक नीट ध्यानात घेतला म्हणजे राम सुतारांचे सारे काम उलगडते. मूर्ती करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत भर घालीत जातात, ती मातीची. दुसरीत काढून टाकीत जातात, ती लाकडाची आणि दगडाची. बापाच्या घरी त्यांनी काढून टाकण्याची रीत पाहिली, मुंबईत भर घालण्याची शिकले, आणि वेरुळात पुन्हा काढून टाकणाऱ्यांच्या पायाशी चार वर्षे बसले. दोन्ही हात सारखे चालणारे शिल्पकार थोडे असतात.

आणि दुरुस्ती ही तिसरीच विद्या आहे. बाराशे-पंधराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराची बोटे तुटली आहेत, गुडघा झिजला आहे, खांबाचा तळ खचला आहे. त्याला आधार द्यावयाचा, निखळलेला तुकडा बसवावयाचा, भेग भरावयाची. पण जेथे जुने चेहऱ्याचे काम कसे होते याचा पुरावा नाही तेथे आपल्या मनाचा चेहरा बसवावयाचा नाही. नव्याने भरलेला भाग जवळून पाहणाऱ्याला ओळखू आला पाहिजे आणि लांबून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत खुपता कामा नये. सुवर्णपदक मिळविलेल्या तरुणाने आपली हुशारी दाखविण्याचा मोह चार वर्षे आवरावयाचा, याहून कठीण शिक्षण मला ठाऊक नाही.

तेथून ते दिल्लीला माहिती खात्यात गेले, वर्षभरातच नोकरी सोडली आणि १९५९ पासून स्वतंत्रपणे काम करू लागले. पहिले मोठे नाव झाले ते मध्य प्रदेशात चंबळेवरील गांधीसागर धरणापाशी. ४५ फूट उंचीची चंबळमाता, जवळ दोन मुले, एक मध्य प्रदेश आणि एक राजस्थान. एकाच अखंड ठोकळ्यातून छिन्नीने कोरलेली. त्या धरणाचे पाणी दोन राज्यांनी वाटून घ्यावयाचे होते. तो करार कागदावर कितीही पानांचा असो, एका आईची दोन लेकरे म्हटल्यावर कोणत्याही शेतकऱ्याला तो कळतो. पाटाच्या पाण्यावरून भावाभावांत काय होते हे केळी पिकविणाऱ्या गावात मी सांगावे असे नाही. आणि येथे पाहा, हात पुन्हा वेरुळचाच चालला आहे. वरून खाली, काढीत काढीत.

त्यानंतरचे त्यांचे बहुतेक मोठे काम ब्राँझचे. पुतळा 'ओततात' म्हणजे काय करतात, असे मुले मला नेहमी विचारीत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती. मातीचा पुतळा मनासारखा झाला की त्यावर प्लास्टरचा साचा तुकड्यातुकड्यांनी घ्यावयाचा. साच्याच्या आतून मेणाचा थर द्यावयाचा, धातू जेवढा जाड हवा तेवढाच जाड. मेणाच्या आतबाहेर भट्टीचा ताप सोसणारे मिश्रण भरावयाचे आणि भट्टीत तापवावयाचे. मेण वितळून वाहून जाते, त्याची जागा पोकळ राहते, आणि त्या पोकळीत रस ओतावयाचा. मोठा पुतळा अशा अनेक तुकड्यांत ओतून नंतर जोडतात, जोड घासून काढतात, आणि शेवटी रंगछटा देतात. धातूचे प्रमाण साधारण असे : शंभर भागांत ८५ तांबे, आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी ५. ही विद्या परदेशातून आलेली नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ केला, त्यात मेणाची मूर्ती करून धातू ओतण्याची कृती दिली आहे. आपल्याकडचे ओतारी घंटा आणि देव याच रीतीने ओतीत आले. राम सुतारांनी नोएडात कार्यशाळा आणि साहिबाबादला ओतकामाचा कारखाना काढला. चिरंजीव अनिल सुतार हेही शिल्पकार, वडिलांच्या बरोबरीने काम करणारे.

त्यांच्या हातून सर्वांत जास्त वेळा घडले ते गांधीजी. गांधीजींचा त्यांनी केलेला अर्धपुतळा जन्मशताब्दीच्या निमित्ताने भारत सरकारने देशोदेशी भेट दिला : रशिया, इंग्लंड, फ्रान्स, इटली, मलेशिया, अर्जेंटिना, बार्बाडोस. संसद भवनाच्या आवारातील ध्यानस्थ गांधीजी त्यांचेच, १६ फूट उंचीचे, २ ऑक्टोबर १९९३ रोजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्ते अनावरण झालेले. २०२४ साली तो पुतळा त्याच आवारात प्रेरणा स्थळ येथे हलविण्यात आला. राम सुतारांचे एकच काम पाहावयास सवड असेल तर मी हे पाहा म्हणेन. मांडी घालून बसलेला माणूस, खांद्यावरून उतरलेली चादर, खाली झुकलेली नजर. कलाशाळेने शिकविलेली हाडे-स्नायू तेथे आहेत, सुरकुती न सुरकुती खरी आहे. पण बसण्याची जी शांतता आहे ती लेण्यातली आहे.

आता उंच पुतळ्याकडे येतो, नाहीतर मंडळी म्हणतील मास्तरांनी मुख्य गोष्टच गाळली. गुजरातेत केवडियाला सरदार पटेलांचा पुतळा, १८२ मीटर उंच, ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी लोकार्पण झालेला. आपल्या वडाएवढ्या झाडांची रांग एकावर एक उभी करावी अशी ही उंची. तीन फूट, अठरा फूट, तीस फूट असे लहान-मोठे नमुने राम सुतारांनी केले आणि त्यांवरून यंत्राच्या साहाय्याने मोठे माप काढले गेले. आत सिमेंट-काँक्रीटचे बुरूज आणि पोलादी सांगाडा, बाहेरून ब्राँझचे पत्रे. हे पत्रे ओतले गेले चीनमध्ये, त्यावर वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली. शिल्पकाराची अडचण वेगळीच होती. सरदार धोतर नेसलेले, पायात वहाणा, चालण्याच्या पवित्र्यात. म्हणजे खाली पाय सुटे आणि वर अंग रुंद. इमारत तळाशी रुंद असते, हा पुतळा तळाशी अरुंद. झगा किंवा घोडा असता तर वजन उतरविणे सोपे गेले असते. परंतु बारडोलीच्या शेतकऱ्यांचा पुढारी झग्यात कसा दाखवावा? त्यांनी धोतर ठेवले आणि अभियंत्यांनी वारा व भूकंप यांचे गणित त्याप्रमाणे बसविले.

मला स्वतःला फार उंच पुतळ्यांची ओढ नाही. माणसाच्या चेहऱ्याशी आपली नजर जुळली पाहिजे, असे माझे जुने मत आहे. बंगळूरच्या विमानतळाजवळील १०८ फुटी केंपेगौडा, २०२२ चे, तेही राम सुतारांचेच. ९८ टन ब्राँझ, १२० टन पोलाद. ऐकून छाती दडपते. पण हे आकडे सांगताना एक गोष्ट ध्यानात येईल, की धातूपेक्षा आतले पोलाद जास्त आहे. न दिसणारे जास्त आणि दिसणारे कमी. मालवणला राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पहिला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला वाईट वाटले. त्या जागी २०२५ साली ब्राँझचा नवा पुतळा उभा राहिला तो सुतार पितापुत्रांच्या कारखान्यातून आलेला. समुद्राची खारी हवा आणि वादळवारा आतला सांगाडा सोसतो, बाहेरचे तेज नव्हे.

१९९९ साली पद्मश्री, २०१६ साली पद्मभूषण, नंतर महाराष्ट्र भूषण. मानसन्मानांची यादी मोठी आहे, ती येथेच सोडतो.

आता आपल्या मंदिराबद्दल दोन शब्द. समितीने रागावू नये.

गेल्या काही वर्षांत आपल्या भागात पुष्कळ देवळे नवी झाली. भक्तीने झाली, वर्गणीने झाली, त्यात खोट काढण्याचा माझा हेतू नाही. परंतु एका गावात मी पाहिले की जुन्या दरवाजाची कोरीव चौकट फोडून ओट्याच्या भरावात घातली होती. दुसऱ्या एका ठिकाणी सागवानी खांबांवरील वेलबुट्टीला जाड तैलरंगाचे थर दिले होते, पोपटी आणि गुलाबी. ज्या सुताराने ती वेलबुट्टी पटाशीने काढली तो राम सुतारांच्या आजोबा-पणजोबांसारखाच कोणी असेल. त्याने महिनाभर जे काढून काढून उमटविले ते आपण एका दिवसात रंगाने भरून टाकले. पैसे देणाऱ्याची श्रद्धा खरी आणि हाताळणी चुकीची, असे हे होते.

अजिंठा-वेरुळला राम सुतारांनी ज्या शिस्तीने काम केले त्यातले थोडे आपल्याला परवडण्यासारखे आहे. जुना कोरीव दगड असेल तर तो घासू नये, रेतीच्या फवाऱ्याने तर मुळीच नाही. साध्या पाण्याने आणि मऊ कुंचल्याने धुवावा. जुने दगड चुन्यात बसविलेले असतात. त्यांच्या सांध्यांत सिमेंट कोंबले की ओल आत अडते आणि दगडच फुटू लागतो. चुन्याचे काम जाणणारे गवंडी कमी झाले असले तरी शोधले तर मिळतात. झिजलेल्या मूर्तीला नवे नाक-डोळे करण्याआधी दहा वेळा विचार करावा. शास्त्राप्रमाणे भंगलेली मूर्ती पूजेतून काढावी लागली, तर तो निर्णय जाणत्यांनी घ्यावा. पण पूजेतून काढलेली मूर्ती गावातून काढावी लागत नाही. तिला आडोसा द्यावा, तिच्याजवळ पाटी लावावी.

दुसरी विनंती नावांची. या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापली जाणार आहे, अकरा रुपयांपासून लाखापर्यंत. छापावीच, कारण प्रत्येक रुपयामागे घाम आहे. त्याच यादीच्या शेजारी ज्या गवंड्यांनी, सुतारांनी, पाथरवटांनी, रंगाऱ्यांनी काम केले त्यांचीही नावे, गावासकट, छापावीत. केंपेगौडांचे, सरदारांचे नाव घेताना आज राम सुतारांचे नाव घेतले जाते. अजिंठ्याचे निजलेले बुद्ध ज्याने कोरले त्याचे नाव मात्र कोणालाच सांगता येत नाही. आपल्या देवळाच्या जुन्या चौकटीवर कोणाचा हात फिरला हेही कोणी सांगू शकत नाही. निदान या खेपेस तसे होऊ नये. मजुरी दिली म्हणजे हिशेब संपला असे काही जण म्हणतील. देणगीदाराचाही हिशेब पावती दिल्यावर संपतोच, तरी आपण त्याचे नाव फरशीवर कोरतो.

शेवटी एक कामाची गोष्ट. मंदिर उतरविताना निघालेले दगड आणि लाकडी तुकडे मागच्या आवारात ताडपत्रीखाली ठेवले आहेत, हे समितीने चांगले केले. त्यांत काय काय आहे याची नोंद अजून झालेली नाही. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी खडू, मोजपट्टी आणि वही घेऊन येणार आहे. प्रत्येक तुकड्याला नंबर घालावयाचा, माप घ्यावयाचे आणि तो कोठल्या बाजूचा हे जुन्या माणसांना विचारून लिहावयाचे. शाळेतील आठ-दहा मुले मिळाली तर दुपारपर्यंत आटपेल. चित्र काढणारे एखादे मूल असेल तर त्याला आवर्जून पाठवावे. आणि ताडपत्री उचलताना जरा जपून, खाली विंचू निघतात.